सैनिकाची सेवाकथा : गौरव आणि कथन

१

सैनिकाने केलेल्या सेवेची कथा लोकांस सांगावी आणि त्या योगे त्याचा गौरव करावा, ही कल्पना इतकी सर्वमान्य आहे की, तिची चिकित्सा करण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. गौरव करणारा आणि कथा सांगणारा हे एकच कार्य करीत आहेत, असे आपण गृहीत धरतो. परंतु सैनिकांविषयी जे लेखन आज आपणांस उपलब्ध आहे, ते थोडे बारकाईने वाचले असता या दोन कार्यांत पुष्कळ अंतर आहे, एवढेच नव्हे, तर कित्येकदा गौरवाच्या भारानेच कथा दडपली गेली आहे, असे दिसून येते. हे अंतर कोठे व कसे पडते, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

येथे 'सेवाकथा' हा शब्द थोड्या व्यापक अर्थाने योजिला आहे. सैनिकाने लष्करात घालविलेल्या आयुष्याचे शब्दरूप म्हणजे सेवाकथा. मग ते शब्द त्याचे स्वतःचे असोत, त्याच्या वरिष्ठांचे असोत, लेखनिकाचे असोत वा दगडावर अक्षरे कोरणाऱ्याचे असोत. स्मारकशिला, प्रशस्तिपत्र, पत्र, आत्मवृत्त, अर्ज आणि अलीकडच्या काळातील ध्वनिमुद्रित मुलाखत, हे सर्व या अर्थाने सेवाकथेचेच प्रकार होत. त्यांतील प्रत्येक प्रकारास तीन प्रश्न विचारता येतात. कथेचा कर्ता कोण? कथेचा काळ कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो? आणि ही कथा कोणास उद्देशून सांगितली आहे? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर त्या कथेतील गौरवाचे खरे स्वरूप अवलंबून असते, असे मला वाटते.

आपल्याकडील जुन्या साधनांपासूनच आरंभ करावयाचा, तर वीरगळ प्रथम डोळ्यांसमोर येतो. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर लेख नाही. खालच्या खणात युद्धप्रसंग, मधल्या खणात अप्सरांसह स्वर्गारोहण, वरच्या खणात शिवलिंगाची पूजा आणि शिरोभागी चंद्रसूर्य, अशी त्याची ठरीव मांडणी असते. मेलेला वीर कोण, तो कोणासाठी लढला, गाईंच्या रक्षणासाठी पडला की धन्याच्या आज्ञेने पडला, हे शिल्पाच्या रचनेवरून थोडेफार अनुमानता येते. नाव मात्र कळत नाही. ज्या गावात तो दगड उभा राहिला, तेथे त्या काळी नाव लिहिण्याची गरजही नसावी. ते सर्वांस ठाऊक होते. पण ज्या पिढीला ते ठाऊक होते, ती गेली आणि गौरव तेवढा शिल्लक राहिला. आज त्या दगडाला शेंदूर लागतो. त्याची कथा विचारली, तर कोणास सांगता येत नाही.

पोवाड्याची स्थिती याच्या उलट आहे. तेथे कथा भरपूर आहे. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा आणि तुळशीदासाचा सिंहगडाचा हे दोन पोवाडे घेतले, तरी प्रसंगाची जुळणी, संवादांचा उठाव आणि श्रोत्यांस धरून ठेवण्याची हातोटी यांविषयी शंका राहत नाही. अॅक्वर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ साली जो संग्रह प्रसिद्ध केला, त्याच्या नावातच 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे' असे शब्द आहेत आणि ते फार सूचक आहेत. पोवाडा हा प्रसिद्धांचा असतो. सामान्य मावळा त्यात बहुधा संख्येच्या रूपाने येतो. तो नायकाच्या मागे कडा चढतो, पडतो, आणि त्याच्या पडण्याने नायकाचे शौर्य अधिक उठून दिसते. म्हणजे आपल्या परंपरेत सामान्य सैनिकाच्या वाट्याला एक तर कथेवाचून गौरव आला, अथवा दुसऱ्याच्या गौरवकथेतील एक आकडा म्हणून स्थान आले.

२

आकडा हा शब्द येथे केवळ अलंकार म्हणून वापरलेला नाही. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगावी संगमरवरी शिला बसविल्या. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले आणि त्यांपैकी इतके कामास आले, एवढाच मजकूर त्यांवर आढळतो. गावाचे नाव वर आणि दोन आकडे खाली. साताऱ्याजवळील अपशिंगे हे गाव त्या युद्धात आपली ४६ माणसे गमावून बसले आणि पुढे 'मिलिटरी अपशिंगे' या नावानेच ओळखले जाऊ लागले. तेथे ही स्मृती घरोघरी जिवंत राहिली, कारण पुढील पिढ्याही पलटणीत जात राहिल्या. परंतु ज्या गावांत ती परंपरा खंडित झाली, तेथे शिलेवरील आकडा हा कोणाचाच नसलेला आकडा झाला आहे.

याचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्राबाहेर, इराकात आहे. पण त्याचा महाराष्ट्राशी संबंध फार निकटचा आहे. मेसोपोटेमियाच्या मोहिमेवर प्रथम गेलेली सहावी डिव्हिजन ही पुण्याची. तीत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. जनरल टाउनशेंड याच्या हाताखाली ती बगदादच्या दिशेने पुढे गेली, मागे हटली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडली. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने हतबल होऊन सुमारे १३,००० लोकांनी शस्त्रे खाली ठेविली. त्यांतील बहुसंख्य हिंदी होते आणि कैदेच्या वाटेवर व कैदेत त्यांतील पुष्कळ मेले. या मोहिमेतील कामगिरीबद्दल ११७ व्या पलटणीस 'रॉयल' हे उपपद मिळाले. म्हणजे पलटणीचा गौरव झाला. शिपायाचे काय झाले?

मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची थडगी ठाऊक नाहीत अशा ४०,००० हून अधिक लोकांचे स्मारक १९२९ साली बसरा येथे उभारले गेले. साम्राज्याच्या युद्धसमाधी आयोगाचे तत्त्व असे होते की, मरणानंतर हुद्दा, वंश वा धर्म यांचा भेद राहू नये आणि प्रत्येकाचे नाव दगडावर असावे. फ्रान्समधील न्यूव्ह शापेल येथील हिंदी स्मारकात हे तत्त्व पाळले गेले. तेथे ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत. बसऱ्याच्या स्मारकावर मात्र गोऱ्या शिपायांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली व सामान्य हिंदी शिपाई आपापल्या पलटणीच्या नावाखाली केवळ संख्येने नोंदविले गेले. या विषमतेची स्पष्ट कबुली त्याच आयोगाच्या उत्तराधिकारी संस्थेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात दिली. एकाच सैन्यातील, एकाच युद्धातील, एकाच वर्गातील शिपाई युरोपात पडला तर नावाने उरला आणि आशियात पडला तर बेरजेत गेला. ज्यांच्या कथा येथे आपण मिळवू इच्छितो, ते मराठा शिपाई बहुतांशी दुसऱ्या प्रकारात मोडतात.

नाव म्हणजे कथा नव्हे, हे खरे. परंतु नावावाचून कथेला आरंभच करता येत नाही. नाव असले म्हणजे पुढे एखाद्या पिढीला त्या नावाच्या आधाराने कथा उभी करता येते, याचे बोलके उदाहरण भीमा नदीकाठच्या कोरेगावचा स्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कंपनीची एक लहान तुकडी आणि दुसऱ्या बाजीरावाचे सैन्य यांच्यात तेथे लढाई झाली. तिचे स्मारक म्हणून कंपनी सरकारने जो स्तंभ उभारला, तो अर्थातच कंपनीच्या पराक्रमाचा होता. पण त्यावर मृत शिपायांची नावे कोरली गेली होती आणि त्यांत 'नाक' या पदाने संपणारी बावीस नावे होती. शंभराहून अधिक वर्षांनी, १ जानेवारी १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले, तेव्हा त्याच अक्षरांचे वाचन बदलले. स्तंभ ज्यांनी उभारला, त्यांची कथा मागे पडली. ज्यांची नावे तळाशी होती, त्यांच्या वंशजांची कथा पुढे आली. या वाचनाच्या ऐतिहासिक बाजूविषयी विद्वानांत मतभेद आहेत आणि ते असणे स्वाभाविकही आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकास त्यातून एवढेच घ्यावयाचे की, दगडावरील नाव हा कथेचा राखून ठेवलेला आरंभ असतो. बसऱ्याच्या दगडाने तो आरंभच नाकारला.

३

नावानंतरची पायरी प्रशस्तिपत्राची. सैनिकाच्या कृतीचे अधिकृत वर्णन करणारा हा लहानसा गद्यप्रकार आपल्या अभ्यासकांच्या नजरेतून जवळजवळ सुटला आहे. त्याचे गुण आणि मर्यादा दोन्ही अभ्यसनीय आहेत.

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर दोघा मराठा सैनिकांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाईक यशवंत घाडगे हे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. प्रशस्तिपत्रातील हकीकत अशी : त्यांची तुकडी यंत्रतोफेच्या माऱ्यात सापडून सर्व सोबती मेले वा जखमी झाले. घाडगे एकटे त्या ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्ब टाकून तोफ व ती चालविणारा यांस निकामी केले. एकास गोळी घातली. आणि हातातील बंदुकीत नव्या गोळ्या भरण्यास अवसर नाही असे पाहून ती नळीकडून धरून उरलेल्या दोघांस दस्त्याने ठार केले. त्यानंतर लपून बसलेल्या शत्रूच्या गोळ्या लागून ते त्याच ठाण्यात मरण पावले. त्यांचे वय तेव्हा बावीस वर्षांचे होते. शिपाई नामदेव जाधव यांची कामगिरी ९ एप्रिल १९४५ ची, सेनिओ नदीवरील. कंपनीबरोबर नदी ओलांडताच भयंकर मारा सुरू झाला. जाधवांनी दोन जखमी सोबत्यांस, एकामागून एक, खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पाठीवर वाहून आणिले; मग परत जाऊन, स्वतःच्या हाताला जखम झाली असता, शत्रूची ठाणी बॉम्बने निकामी केली आणि काठावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करीत मागील कंपन्यांस वाट मोकळी करून दिली.

ही दोन्ही वर्णने मूळात वाचली असता पहिली गोष्ट ध्यानात येते ती त्यांच्या गद्याची. विशेषणे मोजकी आहेत, क्रियापदे भरपूर आहेत आणि कोण कोठे होता, त्याच्या हातात काय होते, त्यानंतर काय झाले, याचा क्रम कोठेही तुटत नाही. घाडगे यांनी बंदूक उलटी का धरली, याचे कारणही दिले आहे : गोळ्या भरण्यास वेळ नव्हता. हा तपशील भीषण आहे आणि तो झाकलेला नाही. याच प्रसंगावर सभा-समारंभांतून जी भाषणे होतात, त्यांत 'सिंहासारखा', 'विजेसारखा' अशा उपमांची रेलचेल असते आणि तो तपशील नेमका गळलेला असतो. वीर जितका सिंहासारखा होतो, तितका तो माणसासारखा राहत नाही. आणि त्याने जे केले ते माणसाने करणे किती कठीण होते, हेही मग श्रोत्यास जाणवत नाही. प्रशस्तिपत्राचे कोरडे गद्य या दृष्टीने अलंकृत भाषणापेक्षा अधिक श्रेष्ठ गौरव करते, असे माझे मत आहे.

तथापि प्रशस्तिपत्राची मर्यादाही तितकीच कडक आहे. त्याचा कर्ता सैनिक नसतो; ते पाहणाऱ्यांच्या साक्षींवरून वरिष्ठांनी लिहिलेले असते आणि वरिष्ठांस उद्देशूनच लिहिलेले असते. त्याचा काळ काही मिनिटांचा, फार तर काही तासांचा असतो. त्या मिनिटांपूर्वी तो मनुष्य कोण होता आणि त्यानंतर त्याचे काय झाले, हे सांगणे त्याच्या कक्षेत येत नाही. घाडगे यांच्या बाबतीत कृती आणि आयुष्य एकाच क्षणी संपल्यामुळे ही उणीव लगेच जाणवत नाही. जाधव मात्र १९८४ पर्यंत जगले. नदीच्या काठावरील त्या प्रसंगानंतरची एकूणचाळीस वर्षे त्यांच्या आयुष्यात होती. पदकाच्या कथेत त्या वर्षांना जागा नाही. जिवंत परत आलेल्या वीराला आपण त्याच्या एका दिवसात कोंडून ठेवतो आणि उरलेले आयुष्य जणू त्या दिवसाचे परिशिष्ट समजतो.

या प्रकाराच्या कक्षा थोड्या रुंदावलेल्या दिसतात त्या सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांच्या परमवीरचक्राच्या वर्णनात. कारवार भागातील राणे हे मुंबई सॅपर्सचे अधिकारी. ८ ते ११ एप्रिल १९४८ या चार दिवसांत नौशेरा ते राजौरी या मार्गावरील सुरुंग, पाडलेली झाडे आणि रस्त्यातील अडथळे त्यांनी शत्रूच्या माऱ्यात दूर केले आणि रणगाड्यांस वाट करून दिली. पहिल्याच दिवशी ते जखमी झाले होते. या कथेत कोणावर चाल करून जाण्याचा क्षण जवळजवळ नाही. आहे ते काम : खणणे, उचलणे, वळणरस्ता तयार करणे, पुन्हा पुढे जाणे. शौर्य म्हणजे झेप, ही पोवाड्यापासून चालत आलेली कल्पना येथे अपुरी पडते आणि शौर्य म्हणजे न थकता केलेले धोक्याचे काम, हा अर्थ पुढे येतो. सामान्य सैनिकाचे आयुष्य या दुसऱ्या अर्थाशी अधिक जवळचे असते. आणि म्हणूनच सेवाकथेच्या अभ्यासकाने राणे यांचे वर्णन विशेष लक्षपूर्वक वाचावे.

४

आतापर्यंत पाहिलेल्या सर्व प्रकारांत बोलणारा दुसराच कोणी होता. सैनिक स्वतः बोलतो आहे अशी पहिली मोठी लेखनराशी म्हणजे पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये असलेल्या हिंदी सैनिकांची पत्रे. लाहोर व मेरठ या डिव्हिजनी १९१४ च्या सप्टेंबरात मार्सेय बंदरात उतरू लागल्या आणि १९१५ अखेर हिंदी पायदळ तेथून हलविले गेले. या काळात व पुढेही हिंदी सैनिकांच्या टपालाची तपासणी करण्यासाठी स्वतंत्र कचेरी होती. तिने आपल्या अहवालांना जोडलेले भाषांतरित उतारे आज लंडनच्या दप्तरात आहेत आणि त्यांतील निवडक उताऱ्यांचा संग्रह डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ साली प्रसिद्ध केला. मूळ पत्रे बहुतेक नष्ट झाली आहेत.

या पत्रांना आपण सैनिकाचा आवाज म्हणतो. पण तो आवाज किती हातांतून आपल्यापर्यंत आला आहे, हे पाहणे आवश्यक आहे. बहुसंख्य शिपाई निरक्षर असल्याने पत्र सोबत्याने किंवा लेखनिकाने लिहिले. लेखनिकाच्या जवळ पत्रलेखनाचे ठरीव साचे होते. पलटणीतील अधिकाऱ्याने ते पाहिले. मग तपासनिसाच्या कचेरीने त्यातील उतारा निवडला. भाषांतर करणाराने तो इंग्रजीत उतरविला. आणि गावी ते पत्र कोणीतरी मोठ्याने वाचून दाखविणार, हे लिहिणारास आधीच ठाऊक होते. एका पत्राचे इतके वाचक असताना मनातील गोष्ट सांगावयाची कशी? सैनिकांनी त्यावर उपाय शोधले. काळी मिरी आणि लाल मिरची असे शब्द योजून हिंदी आणि गोऱ्या शिपायांच्या स्थितीविषयी लिहिल्याची उदाहरणे या उताऱ्यांत आहेत. काळी मिरी सरत आली, असे गावातील माणसाला कळवावयाचे आणि भरतीस येऊ नये, हे त्याने ओळखावयाचे.

वाङ्मयदृष्ट्या ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. स्वयंपाकघरातील दोन साध्या शब्दांना सैनिकाने जी व्यंजना दिली, ती त्याच्यावरील दडपणातून निर्माण झाली आहे. जे उघड बोलता येत नव्हते, ते त्याने सांगितले. आणि तपासनिसाने ते ओळखले म्हणूनच आपल्यापर्यंत पोहोचले, हा त्यातील दैवदुर्विलास. या उताऱ्यांत राजनिष्ठेची वचनेही आहेत आणि ती सर्वच खोटी मानण्याचे कारण नाही. पण ज्या कथेत केवळ ती वचनेच निवडली जातात, ती सैनिकाची कथा राहत नाही. गौरवासाठी निवड करणारा संपादक आणि दक्षतेसाठी निवड करणारा तपासनीस हे दोघे वेगळ्या हेतूने, पण एकाच रीतीने कात्री चालवितात. पहिला काळ्या मिरीचे वाक्य वगळतो आणि दुसरा तेवढेच ठेवतो.

येथे मराठी अभ्यासकास एक खंत वाटल्यावाचून राहत नाही. हा संग्रह फ्रान्सच्या टपालाचा असल्याने त्यात प्रामुख्याने पंजाब, सरहद्द, गढवाल इत्यादी प्रदेशांतील शिपाई बोलतात. मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात होत्या. म्हणजे ज्या भूमीवर त्यांची नावे दगडावर आली नाहीत, त्याच भूमीमुळे त्यांचे शब्दही या राशीत फारसे आले नाहीत.

५

सलग आत्मकथनाचा विचार करू लागलो की, सुभेदार सीताराम पांडे यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या पुस्तकापाशी थांबावे लागते. अवधच्या या शिपायाची कहाणी नॉरगेट या इंग्रज अधिकाऱ्याने भाषांतर म्हणून १८७३ साली लाहोर येथे प्रसिद्ध केली. १८१२ च्या सुमारास भरती झालेला हा शिपाई गुरखायुद्ध, पेंढाऱ्यांची मोहीम, भरतपूर, अफगाणिस्तान व तेथील गुलामगिरी, शीख युद्धे आणि १८५७ अशा जवळजवळ अर्धशतकाच्या सेवेची हकीकत सांगतो. त्याचे मूळ हस्तलिखित कधीच सापडले नाही. त्यामुळे ही कथा खरोखर सीतारामाची की भाषांतरकाराने रचलेली, याविषयी वाद आहे. पुढे तिचे हिंदुस्तानीत रूपांतर होऊन इंग्रज अधिकाऱ्यांच्या भाषापरीक्षेसाठी ती पाठ्यपुस्तक म्हणून वापरली गेली, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचा वाचक कोण होता, हेही स्पष्ट होते. स्वामिनिष्ठ शिपाई कसा असावा, हे त्या वाचकास तीतून शिकावयाचे होते.

तरीही हे पुस्तक केवळ स्वामिनिष्ठेचे स्तोत्र ठरत नाही, याचे कारण त्यातील एक प्रसंग. १८५७ च्या धामधुमीत पकडलेल्या बंडखोर शिपायांस गोळ्या घालण्याचे काम सीतारामाकडे येते आणि त्या कैद्यांत त्याला स्वतःचा मुलगा दिसतो. तो अधिकाऱ्याकडे या कामातून मोकळे करण्याची विनंती करतो. ती मान्य होते. शिक्षा मात्र अमलात येते आणि बापाला मुलाचे अंत्यसंस्कार करण्याची परवानगी मिळते. प्रसंग घडला असो वा रचलेला असो, कथेच्या दृष्टीने त्याचे स्थान निर्णायक आहे. येथवर निष्ठा हा गुण होता. येथे तिची किंमत समोर येते. तो बंडात सामील होत नाही आणि निष्ठेचा अभिमानही मिरवू शकत नाही. ज्या वाचकासाठी हे पुस्तक पाठ्य म्हणून नेमले गेले, त्यालाही या पानावर थांबावे लागले असेल. सेवाकथा गौरवाच्या चौकटीत राहूनही चौकटीबाहेरचे कसे सांगू शकते, याचा हा उत्तम नमुना होय. कर्तृत्वाविषयीची शंका मान्य करूनही त्याचे हे मोल कमी होत नाही.

६

सेवाकथेचा आणखी एक प्रकार असा आहे की, ज्यात सैनिक गौरवाची अपेक्षाच धरीत नाही. तो हक्क मागतो. १८९० नंतरच्या काळात 'लढाऊ जाती'च्या सिद्धांतास अनुसरून महारांची लष्करभरती बंद झाली. त्यावर लष्करातून निवृत्त झालेले महाडजवळील रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली भरती पुन्हा सुरू करावी, असा अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे विनंतीअर्ज केला. या अर्जांची युक्तिवादपद्धती पाहण्यासारखी आहे. आमच्या वाडवडिलांनी सेवा केली आहे. ती तुमच्या दप्तरात नमूद आहे. तेव्हा आम्हांस अपात्र कोणत्या न्यायाने ठरविता? येथे पूर्वजांचे शौर्य हा पुरावा आहे आणि कथा हे साक्षीचे साधन आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ साली ती मोडली गेली. आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. गरज असेल तेव्हा आठवण आणि गरज सरताच विस्मरण, असा हा क्रम दिसतो.

या अर्जांस आपण वाङ्मय मानीत नाही. परंतु वर विचारलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे येथे इतर कोणत्याही प्रकारापेक्षा स्पष्ट मिळतात. कर्ता स्वतः सेवा केलेला वा सेवा केलेल्यांचा वंशज आहे. काळ एका क्षणाचा नसून पिढ्यांचा आहे. श्रोता ठरलेला आहे आणि त्याच्याकडून काय हवे, हेही ठरलेले आहे. गौरव करणाऱ्यांच्या सभेत सैनिकाची कथा ऐकून लोक टाळ्या वाजवितात आणि घरी जातात. अर्जातील कथा ऐकणारास उत्तर द्यावे लागते. सैनिकाच्या सेवेची कथा सांगणे हे जर समाजावरील ऋणाचे स्मरण असेल, तर अर्ज हा तिचा सर्वांत प्रामाणिक प्रकार ठरतो.

७

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ध्वनिमुद्रणाच्या सोयीमुळे सेवाकथेस नवे रूप मिळाले. अमेरिकेत २००० साली कायदा होऊन तेथील काँग्रेसच्या ग्रंथालयात माजी सैनिकांच्या मुलाखती, पत्रे व दैनंदिन्या जमविण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्यात सामान्य नागरिक आपल्या ओळखीच्या सैनिकाची मुलाखत घेऊन पाठवितो. रशियन भाषेत स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या शेकडो स्त्रियांच्या आठवणी ऐकून १९८५ साली पुस्तक सिद्ध केले. पुढील आवृत्तीत त्यांनी तपासनिसाने गाळलेला मजकूर आणि आपण स्वतः होऊन गाळलेला मजकूर, असे दोन्ही समाविष्ट केले. ही दुसरी गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कात्री सरकारच्याच हातात असते असे नाही. ऐकणाराच्या आदरातही ती लपलेली असते.

वॉल्टर बेंजामिन याने १९३६ साली कथेकऱ्यावरील आपल्या निबंधात असे निरीक्षण नोंदविले की, महायुद्धावरून परतलेले लोक अनुभवाने समृद्ध होऊन आले नाहीत. ते मुके होऊन आले, सांगण्यासारखे त्यांच्यापाशी कमीच उरले होते. हे निरीक्षण मान्य केले, तर सेवाकथा जमविणाऱ्याची जबाबदारी वाढते. मौन हाही त्या कथेचा भाग आहे, असे समजून त्याला जागा ठेवावी लागते. मुलाखत घेणारा जेव्हा 'आपल्या पराक्रमाचा एखादा प्रसंग सांगा' असे विचारतो, तेव्हा तो प्रशस्तिपत्रच मागत असतो, आणि समोरचा वृद्ध सैनिक सवयीने तेच देतो. त्याऐवजी भरतीच्या दिवशी घरी काय बोलणे झाले, पहिले पत्र कोणी लिहून दिले, शेजारच्या खाटेवर कोण होता, पेन्शनीवर आल्यावर गावाने कोणते काम दिले, असे विचारले, तर काळाची चौकट आपोआप रुंदावते.

महाराष्ट्रात हे कार्य करावयाचे, तर विद्यापीठांच्या मराठी विभागांपुढे एक निश्चित काम आहे. निवृत्त सैनिकाची बोली ही एक विशिष्ट घडण आहे. गावची मराठी, पलटणीतील हिंदुस्तानी आणि कवायतीच्या मैदानावरील मराठीकरण झालेले इंग्रजी शब्द यांचे तीत मिश्रण असते. ती शुद्ध करून लिहिली की, त्या मनुष्याच्या आयुष्यातील प्रवासाची खूणच पुसली जाते. कुतच्या शिपायाच्या बाबतीत भाषांतराने जे केले असते, तेच आपण मुद्रितशोधनाने करू. म्हणून कथन मूळ बोलीत, थांबे व पुनरुक्ती यांसह उतरवून घ्यावे. कोणी, केव्हा, कोणाच्या उपस्थितीत विचारले, हे नोंदवावे. सांगणाऱ्याने जो भाग प्रसिद्ध करू नये असे सांगितले असेल, तो त्याच्या इच्छेप्रमाणे राखून ठेवावा. आणि जे गौरवाच्या समारंभात शोभणार नाही, ते केवळ त्या कारणासाठी गाळू नये.

साताऱ्यापासून कोकणापर्यंत ज्या गावांत आकडे कोरलेल्या शिला आहेत, त्या गावांपासून या कामास आरंभ करता येईल. पहिल्या महायुद्धातील सैनिक आता उरले नाहीत. दुसऱ्या महायुद्धातीलही जवळजवळ संपले. परंतु १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत भाग घेतलेले अनेक सैनिक आज वृद्धावस्थेत आहेत आणि आधीच्या पिढीच्या आठवणी त्यांच्या घरांत ऐकीव रूपाने जिवंत आहेत. दोन आकड्यांच्या त्या शिलेखाली कोणकोणती नावे होती, एवढे जरी आपल्या विद्यार्थ्यांनी गावोगावी विचारून नोंदविले, तरी बसऱ्याच्या दगडावर जे राहून गेले, त्याची अंशतः भरपाई होईल आणि पुढे कथा लिहिणारास आरंभ करण्यास जागा मिळेल.